बर्फाचं बूच

प्रस्तावना

इस्लापुरात नळाच्या पाइपमधलं पाणी कधी गोठत नाही. किनवटच्या या जंगलपट्ट्यात पौषातली थंडी बोचरी असते, पहाटे शेकोटीवर धरल्याशिवाय बोटं वळत नाहीत. पण टाकीत बर्फ झाल्याचं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानंही कधी पाहिलेलं नाही. उलट मे महिन्यात दुपारी नळ सोडला की पहिली बादली विसण घालूनच अंगावर घ्यावी लागते. अशा गावात बसून, पाइप मुद्दाम गोठवून दुरुस्ती कशी करावी, यावर पुस्तक लिहिणं म्हणजे चेष्टाच वाटायची. हस्तलिखित वाचायला दिलं तेव्हा आमच्या थोरल्या भावजींनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपल्याकडं नळाला पाणीच येईना गा, गोठवता काय?"

प्रश्न खरा आहे. ही प्रस्तावना म्हणजे त्याचंच जरा लांबलेलं उत्तर.

आधी काम काय आहे ते सांगतो. चार मजली इमारत, गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी. तळमजल्यावरच्या उभ्या पाइपातला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, गळायला लागतो. तो बदलायचा तर वरचं पाणी अडवायला हवं. गच्चीवर टाकीच्या तोंडाशी गेट कॉक असतो. पण मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यानं त्याच्या पोटात क्षाराचा थर धरलेला असतो. चाक फिरतं, पाणी काही थांबत नाही. जोर लावला तर दांडी तुटून हातात येते. मग उरतो एकच उपाय, टाकी रिकामी करायची. दहा हजार लिटर पाणी एका टीपायी गटारात. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या मापानं एका माणसाचं सहा महिन्यांचं पाणी अर्ध्या तासात वाहून जातं.

हा हिशेब लातूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' नावाची पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या शहरानं वाघिणीतून उतरलेलं पाणी मापून घेतलं, तिथं कुणी प्लंबर टाकीचं पाणी सोडून द्यायला निघाला तर सोसायटीतली माणसं त्याला जिन्यातच अडवतात.

अशा वेळी वापरायचं साधन म्हणजे पाइप गोठवण्याचं किट. गळतीच्या वरच्या बाजूला पाइपभोवती एक जाकीट गुंडाळायचं, त्यात गार करणारा पदार्थ सोडायचा आणि पाइपच्या आतल्या पाण्याचंच एक बूच करायचं. बूच बसलं की खालचा टी कापायचा, नवा बसवायचा आणि मग बूच आपोआप वितळू द्यायचं. टाकी भरलेली ती भरलेलीच.

हे आत कसं घडतं ते मला पहिल्यांदा नीट कळलं ते कुल्फीवाल्याकडं. यात्रेत त्याचं मडकं जवळून पाहा. बर्फाचे खडे, त्यावर जाडं मीठ, आणि त्यात खुपसलेले पत्र्याचे साचे. मीठ पडल्यावर बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो. साच्यातलं दूध कडेनं आधी घट्ट होतं, मधलं सगळ्यात शेवटी. घाई करून साचा उपडा केला तर कडेची कुल्फी हातात येते आणि मधलं दूध कोपरापर्यंत ओघळतं. पाइपचंही तसंच असतं. बर्फ आतल्या भिंतीला धरत धरत मध्याकडं सरकतो. बाहेरून पाइप पांढरा झाला, दव गोठलं, तरी मध्ये शिसपेन्सिलीएवढी धार जिवंत असू शकते. नवख्या माणसाची फसगत होते ती याच ठिकाणी.

गार करण्याचे प्रकार मुख्यतः तीन. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांचं किट. त्यात द्रव वायू जाकिटात सुटतो आणि त्याचा उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ होतो. दुसरं विजेवरचं यंत्र; ते फ्रिजच्याच तत्त्वावर चालतं आणि त्याचे दोन चिमटे पाइपला बसवतात. तिसरा द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. तो मोठ्या पाइपांसाठी आणि तयार माणसांसाठीच. बारीक पाइपासाठी फवारा मारायचे डबेही मिळतात. प्रत्येकाची रीत निराळी आहे आणि पुढं प्रकरणवार ती दिली आहे. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. तो मला हैदराबादेत शिकायला मिळाला.

आमच्या भागातली पोरं कामाला हैदराबादेत जातात, तसा मीही गेलो होतो. एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर, पाइपांच्या बोळात, दोन इंची लोखंडी लाईनला जाकीट बांधलं होतं. बाटली सोडली, फस्स करून पांढरं धुकं फरशीवर पसरलं. अर्धा तास झाला, एक बाटली संपली, दुसरी लावली, तरी जाकिटाच्या दोन्ही टोकांना दव गोठेना. मी म्हणालो, "मामा, वायू कमी पडायलाय." आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातला लांब पेचकस काढला, त्याचं टोक पाइपवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पाणी चालू हाय अजून. जा, कुठं गळायलंय बघून ये."

मी सगळे नळ पाहत फिरलो. मागच्या शौचालयात फ्लशच्या टाकीचा बॉल कॉक अडकला होता, बोटाएवढी धार भांड्यात उतरत होती. कुणाच्या लक्षातही नव्हती. त्याचा कॉक बंद केला आणि थोड्या वेळानं जाकिटाच्या दोन्ही टोकांना पांढरी कडी उमटली.

त्या रात्री मी वहीत गणित मांडलं. दोन इंची पाइपात वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीचं बूच म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर पाणी, दोन पेले. ते ३५ अंशांवरून शून्यावर आणायला आणि गोठवायला मिळून सुमारे ४६ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. आणि मिनिटाला एक लिटरची ती क्षुल्लक धार दर मिनिटाला ३५ किलोकॅलरी उष्णता घेऊन जाकिटाखालून जात होती. म्हणजे दीड मिनिटालाही पुरं न होता एका अख्ख्या बुचाची मेहनत पाण्यात. बाटल्या किती का लावेनात, आम्ही हैदराबादचं गटार गार करत होतो.

सहस्रकुंडाच्या धबधब्याला श्रावणात पैनगंगा कोसळते तेव्हा त्या धारेत बर्फाची लादी धरा. जे होईल तेच पाइपात होतं. थांबलेल्या पाण्यालाच बूच बसतं. म्हणून या पुस्तकाचा गाभा एका प्रश्नात सांगायचा तर तो असा: पाणी थांबलंय का? पाइप पारदर्शक नसतो, म्हणून हा प्रश्न कानानं, हातानं आणि घरभर फिरून सोडवावा लागतो. गोठवण्याचं किट भाड्यानं मिळेल. ही सवय अंगी बाणवावी लागते.

याची दुसरी बाजू खास आपल्याकडची आहे. आपल्या नळाला पाणी रोज येत नाही, चार दिवसांआड, आठ दिवसांआड येतं. मधल्या काळात गल्लीतली लाईन अर्धी रिकामी पडते, उंचवट्यावर हवा धरून बसते. आडव्या पाइपात तळाला पाणी आणि वर हवा असेल तर बर्फ तळालाच होतो, वरची फट तशीच राहते. पाणी सुटण्याच्या दिवशी त्या फटीतून ते थेट अंगावर येतं. म्हणून थांबलंय का, याच्याबरोबर दुसरा प्रश्न: पाइप काठोकाठ भरलाय का? परदेशी किटच्या माहितीपत्रकात यावर फार जोर नसतो, कारण तिकडं नळ चोवीस तास भरलेले असतात. आपल्याला तो प्रश्न वगळून चालणार नाही.

उन्हाचंही तसंच. थंड देशात पाइपातलं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. एक किलो पाण्याचा बर्फ करायला तिथं ९० किलोकॅलरी काढाव्या लागतात. आपल्याकडं वैशाखात गच्चीवरून उतरणारं पाणी ४० अंशांचं असलं तर १२० लागतात, म्हणजे तिसऱ्या हिश्शानं जास्त. शिवाय भोवतालची हवा सतत ऊब देत असते ती वेगळीच. माहितीपत्रकातले वेळेचे तक्ते त्यांच्या हवेसाठी आहेत. आपण काम पहाटे धरावं, पाइपला सावली करावी, आणि तक्त्यातल्या वेळेवर समाधान मानू नये.

आता धोक्यांकडं वळतो. पहिला धोका दाबाचा. टाकी दहा मीटर उंच असेल तर तळाशी पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. दोन इंची पाइपातल्या बुचावर वीस किलोचा रेटा येतो. चार इंची पाइपात तोच रेटा सुमारे ८० किलो, सिमेंटच्या दीड पोत्याइतका. ते बूच भिंतीला नीट चिकटलेलं नसेल तर कापलेल्या तोंडातून गोफणीच्या दगडासारखं सुटतं. म्हणून कापलेल्या तोंडासमोर उभं राहू नये, तोंड घालून आत डोकावू तर मुळीच नये. आधी गळतीच्या खालचा एखादा नळ सोडून पाहावा. वाहणं थांबलं, थेंबही थांबले, की युनियनचा सांधा हळूहळू सैल करावा आणि थांबून बघावं. करवत त्यानंतर. नवा बॉल व्हॉल्व्ह बसवताना तो उघडाच ठेवून आटे फिरवावेत आणि पक्का झाल्यावर बंद करावा. ऐनवेळी बूच हललंच तर पाणी त्याच्यातून निघून जातं, हातातलं सामान उडत नाही.

दाबाचीच दुसरी चाल लपलेली असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. फ्रिजरमध्ये विसरलेली काचेची बाटली कशी तडकते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. एका बाजूला बूच आणि जवळच दुसऱ्या बाजूला बंद कॉक, किंवा एकाच पाइपात जवळजवळ दोन बुचं, अशी स्थिती झाली तर मध्ये कोंडलेल्या पाण्याला फुगायला जागा राहत नाही. जुना, गंजानं पातळ झालेला जीआय पाइप तिथं फाटतो, आणि ते कळतं नेमकं बर्फ वितळायला लागल्यावर, आपण हत्यारं गोळा करत असताना. बुचाच्या एका बाजूला पाण्याला सरकायला वाव ठेवलाच पाहिजे. एल्बो, टी, आटे आणि वेल्डच्या सांध्यांपासून जाकीट लांब बांधावं. खड्डा पडलेल्या, ठोकलेल्या पाइपला हातच लावू नये.

दुसरा धोका श्वासाचा, आणि आपल्याकडं तो सर्वांत कमी ओळखला जातो. एक किलो द्रव कार्बन डायऑक्साइडचा सुमारे साडेपाचशे लिटर वायू होतो. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंचीचं न्हाणीघर धरा. त्यात मावते साधारण चोपन्नशे लिटर हवा. दार लावून एक किलोची बाटली सोडली तर आतल्या हवेत दहा टक्के हाच कर्बवायू भरतो. एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड. तो जमिनीलगत, तळघरात, हौदात साचतो, म्हणजे प्लंबर जिथं गुडघे टेकून बसतो नेमका तिथं. आडात उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची आपली जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. पण कर्बवायूच्या बाबतीत कंदील विझायची वाट पाहिली तर उशीर होतो, ज्योत तेवत असतानाच माणसाचं डोकं गरगरायला लागतं. दार-खिडकी उघडी, पंख्याचा झोत बाहेरच्या दिशेनं आणि दाराशी बोलत राहणारा दुसरा माणूस, या तीन गोष्टी नसतील तर बाटली उघडू नये. आतला माणूस पडला तर बाहेरच्यानं धावत आत शिरू नये. आधी हवा खेळती करावी आणि मदत बोलवावी. विहिरीत एकामागोमाग एक माणसं जातात ती अशाच धावपळीत.

नायट्रोजन तर आणखी फसवा. कर्बवायू निदान धाप लावून इशारा देतो. नायट्रोजननं गुदमरल्याची जाणीवही होत नाही. एका लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. गंमत म्हणजे आपल्या पंचक्रोशीत हा पदार्थ सगळ्यात जवळून ओळखतो तो प्लंबर नव्हे, जनावरांचा डॉक्टर. लाल कंधारी आणि देवणी गाईंसाठी रेतनाच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात, त्याच्या तोंडातून निघणारी वाफ आपण गोठ्याच्या दारात उभं राहून पाहिलेली आहे. नीट आठवून बघा: भांड्याचं झाकण सैल असतं, कधीही घट्ट आवळलेलं नसतं, कांडी चिमट्यानं काढतात, बोटानं नाही. वायूला कोंडू नका आणि गारव्याला कातडी लावू नका. नायट्रोजनच्या प्रकरणातले पहिले दोन नियम हेच आहेत, आणि ते गोठ्यात आधीच पाळले जातात.

तिसरा धोका त्या गारव्याचाच. उणे ७८ अंशांच्या धातूला ओला हात लागला तर कातडी चिकटते, ओढली तर सोलून निघते. भाजल्यासारखे फोड येतात. पातळ रबरी हातमोजे इथं कामाचे नाहीत. गारव्याचे जाड, सैल आणि कोरडे मोजे लागतात, डोळ्यांना बंद चष्मा लागतो. लागलंच तर चोळू नये, शेकोटीवर धरू नये. कोमट पाण्यात ठेवून दवाखाना गाठावा.

चौथा धोका आमच्या गावचा म्हणावा असा: लाईट जाणं. विजेवरचं यंत्र वायूच्या भानगडीपेक्षा बरं, हे खरं. पण पाइप कापलेला आहे, टी हातात आहे आणि लाईट गेली, तर त्या क्षणापासून बूच वितळायला लागतं. म्हणून विजेचं यंत्र लावण्याआधी जनरेटर बघावा, नसेल तर लाकडी खुंटी आणि आट्यांचा प्लग हाताशी ठेवून मगच करवत लावावी. पुस्तकांत न सापडणारा हा नियम आमच्या तालुक्यानं शिकवला.

मग हे किट कधी वापरू नये? तीन उदाहरणं इथंच देतो. प्लास्टिकच्या पाइपातून गारवा सावकाश जातो, आणि उन्हात वर्षानुवर्षं तापलेला पीव्हीसी पाइप तीव्र थंडीनं कडक होऊन ठिसूळ होतो. किट बनवणाऱ्यानं त्या पाइपासाठी स्पष्ट परवानगी दिली नसेल तर सोडून द्यावं. शिवाय बुचाशेजारच्या गार पाइपावर सांधे चिकटवायचं सोल्युशन नीट धरत नाही. दुसरं, वेल्डिंग किंवा टॉर्चचं काम बुचाजवळ असेल तर तीच उष्णता बूच सोडवते. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: नळाला पाणी नसण्याचा दिवस उद्यावर आला असेल तर उद्यापर्यंत थांबावं. खाली बादली लावावी, सांध्यावर रबरी पट्टी आणि क्लिप आवळावी. जे काम एका क्लिपनं निभतं त्यासाठी बर्फ करत बसणं हा शहाणपणा नव्हे.

इथं भावजींचा प्रश्न पुन्हा समोर येतो. इस्लापूरच्या शंभर दुरुस्त्यांमधल्या नव्व्याण्णवांना हे किट लागणार नाही, हे मी पुस्तक लिहूनही मान्य करतो. पण आयटीआयमधून नळ कारागिरीचं एक वर्ष पुरं करून निघालेलं पोरगं इस्लापुरात थांबत नाही. ते पुण्याला, हैदराबादला, आखातात जातं. तिथं दवाखान्याच्या इमारती असतात, ज्यांचं पाणी तासभरही तोडता येत नाही. वातानुकूलनाच्या लाईनी असतात, ज्यांत औषध घातलेलं पाणी भरलेलं असतं आणि ते ओतून देणं परवडत नाही. या तंत्राची धाव तर फार लांबवर गेली आहे. कॅनडात घडलेल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये शेकडो नळ्यांपैकी एखादी अलग करायची तर द्रव नायट्रोजननं तिच्यात बर्फाचं बूच बसवतात; जड पाणी तर जवळजवळ चार अंशांनाच गोठतं. आपल्या तारापूरचे तिसरा आणि चौथा संच त्याच कुळातले. आपलं पोरगं उद्या अशा कुठल्याही ठिकाणी जाईल, आणि कुणीतरी त्याच्या हातात जाकीट आणि बाटली देऊन म्हणेल, बांध. त्या वेळी "हो" म्हणण्याआधी त्याला चार प्रश्न विचारता यावेत, म्हणून हे पुस्तक.

वाचताना क्रम मोडू नये अशी विनंती. पहिली दोन प्रकरणं पाणी ओळखण्याची आहेत. त्यांत किटचं नावही नाही. त्यानंतर धोके, मग साधनं, आणि शेवटी टप्प्याटप्प्यानं काम. अनेकांना थेट शेवटचं प्रकरण उघडायची घाई होईल. मीही हैदराबादेत तेच केलं होतं आणि दोन बाटल्या गटारात घातल्या.

परवा भावजींकडं टाकीखालचा कॉक जाम झाला. मी गेलो. किट काढलं नाही. त्यांच्याच पेचकसाला कान लावला, पाणी कुठं चालू आहे ते शोधलं, मग टाकी आपोआप उतरण्याच्या दिवसापर्यंत थांबलो आणि जुन्या गेट कॉकच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवला, जोडीला प्रत्येक मजल्याला एकेक वेगळा. आता पुढं कधी गळालं तर कुणाला काही गोठवावं लागणार नाही. भावजी नवा दांडा उघडून-मिटून पाहत होते. म्हणाले, "मग त्या पुस्तकात हे लिहिलंय का?" मी म्हटलं, "दुसऱ्या प्रकरणात." त्यांनी चष्मा लावला आणि पान शोधायला लागले.

इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड